धुराडे कोण झाडणार?

ओडिशातल्या ४४ खेड्यांत २००६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. ग्राम विकास ही तिथली स्वयंसेवी संस्था घरोघर धुराडे असलेल्या सुधारित मातीच्या चुली बांधून देत होती. चूल कोणाला आधी मिळायची आणि कोणाला नंतर, हे प्रत्येक गावात चिठ्ठ्या टाकून ठरले. त्यामुळे चूल मिळालेली घरे आणि अजून वाट पाहणारी घरे यांची चोख तुलना करता येणार होती. रेमा हॅना, मायकेल ग्रीनस्टोन आणि पुढे २०१९ साली नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा केला. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला, खोकल्याच्या तक्रारी टिपल्या, सरपणाचा हिशेब घेतला.

पहिल्या वर्षी आकडे आशादायक निघाले. बाईच्या छातीत जाणारा धूर घटला होता. दुसऱ्या वर्षापासून ती घट विरत गेली आणि शेवटी उरलीच नाही. सरपण वाचले नाही, प्रकृतीतही फरक पडला नाही. चुलीच्या रचनेत खोट होती म्हणावे, तर प्रयोगशाळेत अशा सुधारित चुली चांगल्या ठरल्या होत्या. घरात मात्र ती रोज पेटत नव्हती, आणि ती धड राहावी म्हणून जो थोडा वेळ आणि थोडा पैसा घालायला हवा होता, तो घातला जात नव्हता.

प्रस्तुत पुस्तिका लिहावीशी वाटली ती याच निष्कर्षापायी. लाकूडफाटा, काटक्या, गोवऱ्या, झावळ्या जाळणारी चूल कशी बांधावी यावर सरकारी पत्रके आहेत, नकाशे आहेत, साचे आहेत. बांधून झालेली चूल पुढची पाच वर्षे कशी चालवावी, तिची राख कधी काढावी, भेग कशी बुजवावी, धुराडे कशाने झाडावे, यावर मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. कारण उघड आहे. चूल बांधण्याचे उद्घाटन होते. धुराडे झाडण्याचे होत नाही.

गॅसच्या काळात हा खटाटोप कशाला, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५८.६ टक्के घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन आढळले. ग्रामीण भागात हेच प्रमाण ४३.२ टक्के होते. म्हणजे तोवर निम्म्याहून अधिक खेडूत घरे मुख्यतः लाकूड, गोवऱ्या, पाचट यांवरच रांधत होती. आणि सिलिंडर आला म्हणून चूल जातेच असेही नाही. ती मागच्या पडवीत सरकते. सकाळचा चहा गॅसवर होतो, आंघोळीचे पाणी चुलीवर तापते. भाकऱ्या, मटण, सणासुदीचा मोठा स्वयंपाक पुन्हा चुलीकडे येतो. महिनाअखेरीला सिलिंडर संपला की काही दिवस सगळाच कारभार तिच्यावर पडतो. महामार्गावरच्या हॉटेलांनी तर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या लावून तिला पुन्हा दर्शनी भागात आणले आहे. तिथल्या चुली सकाळपासून रात्रीपर्यंत धगधगत असतात आणि घरगुती चुलीला महिन्यात लागते तेवढी काजळी त्यांच्या धुराड्यांना थोड्या दिवसांतच लागू शकते.

मातीच्या चुलीची निगा आपल्याकडे कोणाला वेगळी शिकवावी लागली नाही. सकाळी उठून आधी राख ओढायची, चुलीचे तोंड झाडून घ्यायचे, शेण आणि माती पाण्यात कालवून पोतेऱ्याने चूल व वैल सारवायचे, ते सुकू द्यायचे, मग जाळ घालायचा. हा क्रम फार जुना असणार. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांमध्येही चुली आणि अग्निकुंडे मिळाली. मातीची चूल वापरायची म्हटले की ती लिंपत राहणे आलेच.

या सारवणामागे चांगला हिशेब आहे. माती सुकताना आक्रसते आणि आक्रसली की तडकते. शेणातले आणि भुशातले तंतू तिला धरून ठेवतात, म्हणून भेगा पडल्या तरी केसासारख्या बारीक राहतात. रोजच्या पातळ हाताने त्या बुजत जातात. भेग मोठी होऊ दिली तर तिच्यातून नको तिथे वारा शिरतो, जाळ एका अंगाला झुकतो, भांड्याला लागायची आच भिंतीला लागते. श्रावणात शीतला सप्तमीला अनेक घरांत चूल पेटवत नाहीत. ती सारवून तिची पूजा करतात आणि आदल्या दिवशी केलेले शिळे खातात. रोज पेटणाऱ्या चुलीतली खोल भेग नीट बुजवायची तर तिला एक पूर्ण दिवस थंड ठेवावेच लागते. व्रताचा हेतू वेगळा असला, तरी एवढी सवड त्या दिवशी आपोआप मिळते.

आता लाकूड जळते कसे, ते थोडक्यात पाहायला हवे. कारण चुलीच्या निगेचे सगळे नियम त्यातून निघतात.

वाळलेले लाकूड तापले की त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वायू होऊन बाहेर पडतो. आपल्याला दिसणारी ज्योत या वायूंची असते. मागे उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. वायूंना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते जवळजवळ पूर्ण जळतात. दोन्हींपैकी एक कमी पडले की अर्धवट जळलेले वायू आणि कार्बनचे कण धूर होऊन निघतात. हा धूर थंड पृष्ठभागावर आपटला की तिथे काजळी धरते, आणि ओल्या लाकडाचा असेल तर चिकट डांबरही. भांड्याच्या बुडाला लागते ती काजळी हीच, कौलांच्या आढ्याला लोंबते तीही हीच, आणि धुराड्याच्या आतल्या अंगाला थर धरते तीही हीच.

ओल्या लाकडाचा तोटा दुहेरी असतो. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणीच असू शकते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, तेव्हा तेवढी आच भांड्याऐवजी लाकूड सुकवण्यात जाते. त्याहून वाईट म्हणजे जाळ थंड पडतो, वायू अर्धवट जळतात आणि धुराडे झपाट्याने भरते. म्हणून धुराड्याची स्वच्छता खरे तर ब्रशने सुरू होत नाही. ती उन्हाळ्यात, सरपणाच्या ढिगापाशी सुरू होते. कोकणात पावसाळ्यापूर्वी लाकडे फोडून, वाळवून पडवीत किंवा मांगरात रचून ठेवण्याची जी बेगमी असते, ती चार महिन्यांच्या जळणाची सोय असते, तशीच धुराड्याचीही. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढी फोड लवकर सुकते आणि हवाही तिच्या भोवती नीट खेळते.

काजळी आणि राख यांची गल्लत होऊ नये. राख म्हणजे जळून उरलेली माती-क्षारांची पूड. ती पुन्हा पेटत नाही. काजळी हे न जळलेले इंधन आहे. चुलीवरून उतरवलेल्या तव्याच्या बुडाला कधीकधी लाल ठिणग्या लुकलुकत धावतात. ‘तवा हसला, पाहुणे येणार’ असे काही घरांत म्हणतात. त्या वेळी बुडाची काजळी जळत असते. तव्याच्या बुडाला हे गमतीचे वाटते. हाच प्रकार काजळी आणि डांबराने भरलेल्या धुराड्यात घडला तर आतली उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, नळी तडकते आणि वरून ठिणग्या उडतात. छपराला गवत किंवा झावळ्या असतील तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

थंड हवेच्या देशांना या आगींची पुरेशी ओळख आहे. तिथे खोलीतल्या लोखंडी शेगड्या हिवाळाभर मंद आचेवर धुमसत ठेवल्या जातात आणि धुराड्यात डांबराचा थर बसतो. काजळीची दुसरी बाजूही तिथेच आधी उघड झाली. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले, की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याला काजळी कारण आहे. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही वैद्यकातली पहिली ठळक नोंद समजली जाते. धुराडे झाडताना नाकातोंडावर फडके बांधणे, हात झाकणे आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ करणे, ही काळजी त्या नोंदीइतकीच जुनी असायला हवी होती.

जर्मनीत धुराडे झाडणे घरमालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. कायद्याने प्रत्येक भागाला एक धुराडेवाला नेमलेला असतो आणि तो ठरावीक काळाने घरात येऊन शेगडी आणि धुराडे तपासतो. २०१३ पर्यंत आपापल्या भागात झाडण्याच्या कामावर त्याची मक्तेदारीच होती. आता झाडण्याचे काम इतर परवानाधारकांकडून करून घेता येते, पण तपासणी चुकत नाही. धुराडे आपोआप स्वच्छ राहत नाही आणि लोक ते आपणहून झाडत नाहीत, हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था आहे.

आपल्याकडे धुराड्याची चूल आणण्याचे प्रयत्न जुने आणि मनापासूनचे आहेत. वर्ध्याला जे. सी. कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार केली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी एकाच जाळावर अनेक भांडी ठेवता येतील अशी धुराड्याची चूल केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ या गटाने तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ आणली. डिसेंबर १९८३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो आवरता घेतला, तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बांधल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात या कामाला तांत्रिक बळ मिळाले ते पुण्याच्या ‘आरती’ संस्थेकडून. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या या संस्थेने साच्यातून काढता येणाऱ्या ‘लक्ष्मी’सारख्या चुली प्रचारात आणल्या. साच्यामुळे चुलीची मापे कारागिराच्या अंदाजावर राहिली नाहीत.

तीन कोटी हा आकडा मोठा आहे, पण तो बांधलेल्या चुलींचा आहे. चालू राहिलेल्या चुलींचा नाही. कार्यक्रमात चूल बांधणाऱ्या कारागिराला दर चुलीमागे मेहनताना मिळे. वर्षभराने त्याच घरी जाऊन धुराडे तपासण्याचे त्याला काही मिळत नसे. साहजिकच तो पुढच्या गावी नवी चूल बांधायला जाई. त्याच सुमारास, १९८२ ते १९९२ या काळात चीनने सुमारे १२ कोटी ९० लाख घरांत सुधारित चुली पोहोचवल्या. तिथे खर्चाचा मोठा वाटा कुटुंबांनी स्वतः उचलला होता, चुलीचे महत्त्वाचे भाग कारखान्यात बनत होते आणि स्थानिक पातळीवर प्रशिक्षित गवंडी होते. ज्या चुलीला स्वतःच्या खिशातले पैसे लागले, तिची दुरुस्ती करून घ्यावीशी वाटते, आणि ती करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

फसलेल्या सुधारित चुलींचे आणखी एक कारण आहे, आणि ते लक्षात येणे अवघड, कारण ते चांगल्या सवयीतून आले आहे. रोज सारवणारी गृहिणी नवी चूलही जुन्या प्रेमाने सारवते. जुन्या तीन भिंतींच्या चुलीला त्याने काही बिघडत नव्हते. नवीत मात्र आतली मापे महत्त्वाची असतात. जाळाची खोली किती खोल, पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याकडे जाणारी वाट किती रुंद, भांड्याचे बूड आणि जाळ यांत किती अंतर, यावर तिची सगळी करामत चालते. आतून दर आठवड्याला शेणमातीचा एक हात चढत गेला, तर काही महिन्यांत ती वाट बोटाएवढी अरुंद होते. धुराला जायला जागा उरत नाही आणि तो तोंडातून उलटा घरात येतो. मग ‘या चुलीला धूर फार’ म्हणून भांडे बसायचे तोंड फोडून मोठे केले जाते. तिथून पुढे ती साधी चूलच, फक्त डोक्यावर एक नळी घेतलेली. म्हणून या पुस्तिकेतला एक नियम पुन्हा पुन्हा येईल. नवी चूल बाहेरून हवी तेवढी सारवा, आतून फक्त भेग भरा आणि माप तपासा. चूल नवी असतानाच आतल्या वाटेच्या मापाची एक लाकडी पट्टी कापून ठेवली, तर हे तपासायला टेप लागत नाही.

राखेचे नियम सोपे आहेत, पण त्यात एक धोका दडलेला असतो. जाळी असलेल्या चुलीत खालून हवा येते. जाळीखाली राखेचा ढीग साचला की ती वाट बंद होते, जाळ धुमसतो. शिवाय राख जाळीला टेकली की जाळीला गार ठेवणारी हवाही थांबते आणि बिडाची जाळीसुद्धा वाकते. तेव्हा राख रोज काढावी. चांगल्या लाकडाची राख वजनाच्या टक्काभर असते, गोवरीची मात्र वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. उन्हाळ्यात घर गोवऱ्यांवर आले की राखेची खेप वाढवायला हवी. पूर्वी रात्री निखारे राखेत पुरून ठेवत आणि पहाटे राख उकरून, फुंकणीने फुंकर घालून त्याच विस्तवावर चूल पेटवत. राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो, हे आजीला ठाऊक होते. हीच गोष्ट आज विसरली जाते आणि ‘थंड’ राख प्लास्टिकच्या बादलीत, गोणपाटात किंवा थेट उकिरड्यावर टाकली जाते. राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा असावा, तो घराबाहेर मातीवर किंवा दगडावर ठेवावा आणि एक दिवस उलटल्यावरच राख शेतात किंवा भांडी घासायला घ्यावी. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिक चुलीत घालू नये. त्यांचा धूर विषारी असतो आणि अशी राख भांड्यांना वा भाजीच्या वाफ्याला वापरण्याजोगी राहत नाही.

धुराड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. धूर वर जातो तो गरम असल्यामुळे हलका होऊन. नळीच्या टोकाशी तो सर्वांत थंड झालेला असतो, म्हणून काजळी आणि डांबर सर्वांत आधी टोकाच्या टोपीत आणि वरच्या हातभर लांबीत जमतात. खालून डोकावणाऱ्याला नळी मोकळी दिसते आणि वर टोपी निम्मी बुजलेली असते. नळी आडवी वळवली असेल तर तो कोपरा दुसरी अडचणीची जागा. ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. चूल पेटवल्यावर धूर बराच वेळ तोंडातून येत राहतो, ज्योत पिवळी आणि आळशी दिसते, भांड्याच्या बुडाला एका दिवसात जाड काजळी धरते, भात शिजायला पूर्वीपेक्षा जास्त लाकूड लागते. यांतल्या दोन खुणा एकदम दिसल्या तर धुराडे त्याच आठवड्यात झाडावे. रोज दोन वेळ पेटणाऱ्या चुलीचे महिन्यातून एकदा, हॉटेलातल्या चुलीचे त्याहून बरेच लवकर.

झाडायला महाग साधन लागत नाही. नळीच्या आतल्या मापाचा ताठ तारेचा ब्रश मिळाला तर उत्तम. नाहीतर नारळाचे सोडण किंवा गोणपाटाचा घट्ट बोळा दोरीच्या मध्याला बांधून, खालच्या टोकाला दगडाचे वजन लावून वरखाली ओढता येतो. सिमेंटची नळी टणक असली तरी ठिसूळ असते, तेव्हा काठीने ठोकू नये. जुनी नळी अ‍ॅस्बेस्टॉसची असण्याचा संभव असेल तर ती घासू वा कापू नये, बदलून घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी चूल पूर्ण थंड, चुलीवरची भांडी बसायची तोंडे ओल्या पोत्याने झाकलेली आणि स्वयंपाकाची भांडी खोलीबाहेर असावीत. निघालेली काजळी कोरडी उधळू न देता पाणी शिंपून गोळा करावी.

आता मुख्य मुद्दा. चुलीच्या खालच्या भागाची निगा बाई करते. राख, सारवण, सरपण हे सगळे तिच्या हातचे. धुराडे मात्र छपराच्या वर आहे आणि साडी नेसलेल्या बाईने कौलांवर चढण्याची आपल्याकडे रीत नाही. ते काम पुरुषाचे किंवा बोलावलेल्या गवंड्याचे ठरते. धूर ज्याच्या डोळ्यांत जात नाही, त्याला ते काम निकडीचे वाटत नाही. चांगली बांधलेली चूल दुसऱ्या वर्षी धुरकट का होते याचे उत्तर शोधताना श्रमाची ही वाटणी पाहायलाच हवी. धुराड्याच्या बुडाशी, खोलीतल्या खोलीत उघडता येईल असे झाकणाचे तोंड ठेवले तर निम्मे काम जमिनीवर उभ्या बाईच्या आवाक्यात येते. नवीन चूल बांधून घेताना हे तोंड मागून घ्यावे. ते नंतर बसवणे कठीण असते.

चुलीची दोन भावंडे या पुस्तिकेत पुढे स्वतंत्र प्रकरणांत येतील. एक म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. त्याच्या पोटातून उभी नळी जाते आणि पाणी तिच्या भोवती तापते. म्हणजे जाळ आणि धुराडे पाण्यातच बसवलेले. बंबाचा पहिला नियम पाणी भरल्याशिवाय जाळ न घालण्याचा. कोरडा बंब तापला की झाळ सुटते आणि गळती लागते. दुसरा नियम नळी झाडण्याचा, कारण काजळीचा थर उष्णता अडवतो आणि तेवढेच पाणी तापायला जास्त चिपट्या लागतात. बाहेरून चिंच लावून बंब लखलखीत ठेवणाऱ्या घरांत आतली नळी वर्षानुवर्षे तशीच राहिलेली असू शकते. दुसरे भावंड म्हणजे कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाचे चुलवाण. मोठ्या काहिलीखाली उसाची वाळलेली चिपाडे तासन्‌तास जळतात, गुळव्या वर रसाकडे पाहत असतो आणि खाली जाळ घालणारा आच कमीजास्त करतो. हंगामापूर्वी चुलवाण नीट लिंपले नाही तर आच भेगांतून निसटते, आणि गुळव्याला रसाचे गणित जमवणे अवघड जाते. घरगुती चुलीत जे नुकसान डोळ्यांना झोंबते, ते इथे थेट गुळाच्या प्रतीत उतरते.

पंख्याच्या आणि वायूकरणाच्या नव्या चुलींबद्दलही दोन शब्द. भारतीय मानकांत घरगुती चुलीची औष्णिक कार्यक्षमता साध्या ओढीच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के ठरवली आहे. तीन दगडांची किंवा साधी मातीची चूल बहुधा याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. पण पंखा आला की बॅटरी आली, तार आली, भोकांत अडकणारी राख आली. मातीची भेग घरात बुजते, जळलेल्या मोटरला तालुक्याला जावे लागते. विकत घेताना कार्यक्षमतेचा आकडा पाहावाच, पण सुटे भाग कोठे मिळतील हे त्याआधी विचारावे.

या पुस्तिकेत चुलीचे गोडवे गायलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख मृत्यू झाले. उत्तम राखलेली, धुराड्याची चूलही गॅसइतकी स्वच्छ होत नाही. धुराडे धूर घराबाहेर टाकते, नाहीसा करत नाही. ज्याला गॅस परवडतो त्याने रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा. जुन्या स्वयंपाकघरातला धूर माळ्यावरचे बियाणे आणि छपराचे गवत किडीपासून राखत असे, हे खरे. बियाण्यासाठी आता इतर उपाय आहेत, फुफ्फुसांसाठी नाहीत. पण जिथे चूल पेटतेच आहे आणि अजून काही वर्षे पेटणार आहे, तिथे तिची राख आणि काजळी वेळेवर निघणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. चुली वाटणाऱ्या संस्था, ग्रामपंचायती आणि कंपन्यांच्या निधीतून असे काम करणाऱ्यांनी अंदाजपत्रकात चुलीशेजारी तीन ओळी वाढवाव्यात. प्रत्येक घराला एक ब्रश, गावात एक प्रशिक्षित कारागीर, आणि पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी त्याच्या फेरीचा मेहनताना. अहवालातही बांधलेल्या चुलींबरोबर दुसऱ्या वर्षी धूर न करणाऱ्या चुलींचा आकडा द्यावा. दुसरी विनंती घरातल्या पुरुषांना. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला किंवा कौले चाळायला तुम्ही छपरावर चढताच. त्या दिवशी धुराड्याची टोपी काढून झाडा, दिवाळीच्या साफसफाईत ते पुन्हा एकदा करा, आणि मधल्या काळात दर महिन्याला, आणि घरातल्या बाईने ‘धूर उलटा येतोय’ म्हटले की लगेच, शिडी लावा.